फळी

वोब्बेचं वय अठ्ठ्याहत्तर. चर ओलांडायला
तो आता बांबू टेकून उडी मारत नाही,
फळी टाकतो
आणि फ्रिशियनमध्ये त्या फळीला शिव्या देतो.

मार्च संपत आलाय. समुद्रावरचा वारा
नाकातून थेट कवटीत शिरतो.
कुरणं इतकी सपाट
की बसलेली मेंढीसुद्धा डोंगर वाटावी.

"हलू नकोस."
बोट दाखवत नाही, हनुवटी करतो तिकडे.

आधी नुसतंच काळं-पांढरं काहीतरी, ढेकळामागे.
मग ढग सरकतो
आणि पाठ हिरवी पेटते,
खांद्याशी जांभळी, डबक्यात डिझेल सांडावं तशी,
शेपटीखाली ओली वीट.
डोक्यावर तुरा:
शाई संपता संपता मारलेला एक लांब फराटा,
टोकाला वर वळलेला.

नर आहे. छाती मातीत घासत
गोल फिरतो, खळगा करतो,
नाही आवडला, चार पावलांवर दुसरा.

टिटवीच ही. पण आमच्याकडे
ती रात्री ओरडली की माणसं गप्प होतात,
इथे ओरडली की म्हणतात, चला, सुटलो थंडीतून.

वोब्बेच्या बापाला एका वर्षी
गावातलं पहिलं अंडं सापडलं होतं.
टोपीत घालून नेलं महापौराकडे,
नाणं मिळालं, फोटो निघाला.
टोपी अजून खुंटीला आहे.
अंडी उचलायला आता बंदी.

आता तो घरटं शोधतो
आणि दोन्ही बाजूंना वेताच्या काड्या खोचतो,
नात फार्दाउ ट्रॅक्टर वळवून नेईल म्हणून.
चार अंडी, चिखलाच्या रंगाची, टोकं आत,
चौघांनी डोकी जुळवून काही ठरवावं तशी.
मादी आमच्या टाळूवरून किंचाळत जाते.

मी त्याला आमची म्हण सांगते:
टिटवीदेखील समुद्र आटवते.

तो बराच वेळ चराकडे बघतो.
"समुद्र आम्ही आटवला," म्हणतो.
"जास्तच आटवला.
हिची चोच आता जमिनीत शिरत नाही."

मग वाकतो, गुडघे कुरकुरतात,
चरावरची फळी उचलतो,
पाणदाराच्या खाचेत उभी सरकवतो
आणि टाचेने ठोकून बसवतो.

पाणी थांबतं. विचार करतं. मागे फिरतं
गवताकडे.

"आणि आपण कसे जायचं पलीकडे?"

वोब्बे बूट काढत असतो.
शिव्या या वेळी
पाण्याला.