अर्धा कट्टा

तुर्भ्याच्या दाणाबाजारात मी मापाडी.
कशाचंही वजन आधी डोळ्यानं करतो,
मग काट्यावर.

म्हणून मामद जत जेव्हा म्हणाला,
"हेणोतरो. कान काळे, अंग तांबूस,"
मी पहिलं विचारलं, भरतो किती?

तो गाळ्याच्या शटरपाशी बसलेला,
रात्रपाळीचा दंडुका मांडीवर.
दोन्ही हातांनी हवेत काहीतरी तोललं त्यानं.
"अर्धा कट्टा. नर असला तर थोडा वर."

पंधरा किलो. एवढ्यात काय काय बसवलंय:
मागचे पाय पुढच्यांहून लांब,
खपली गव्हाच्या रंगाची पाठ, ना ठिपका ना पट्टा,
कानांच्या टोकांना काळ्या केसांचे झुबके
आणि एकेका कानाला वीसेक स्नायू.
(हा आकडा मामदला ठाऊक नाही. तो म्हणतो,
आधी कान वळतात, मग तो.)
पाणी फारसं लागत नाही,
शिकारीच्या रक्तावर भागतं.

कच्छात, अबडाशाकडं, बाभळीच्या आडोशाला
बारा वर्षांच्या मामदनं एकदाच पाहिला.
पाणवठ्यावर होले उतरले होते.
"बसला होता जमिनीत. जमिनीवर नाय, जमिनीत."
थवा उठला तसा तोही उठला,
पुरुषभर उंच, वर आणखी दोन हात,
एक पंजा डावीकडे, एक उजवीकडे.
खाली आला तेव्हा तोंडात एक, पायाखाली एक.
शेळ्या चरतच राहिल्या.

त्याच्या आजानं ऐकलेलं: दरबारात असे पाळत,
कबुतरांच्या थव्यात सोडत, पैजा लावत,
एका झेपेत किती पडली ते मोजत.
मोजणारा कोण असेल?
माझ्यासारखाच कुणी, वहीवाला.

आणि आता किती उरलेत?
जंगलखात्याची माणसं मामदच्या भाच्याकडे आली होती
फोटो घेऊन. पाहिलाय का, कधी, कुठे.
भाच्यानं बोट ठेवलं
रानमांजरावर.

साडेचारला पहिला ट्रक मागे मागे आत आला.
सांडलेल्या ज्वारीवरून कबुतरं भर्रकन उठली,
पत्र्याखाली, ट्यूबच्या उजेडात, शे-दोनशे.
बाजारातल्या कबुतरांना कुणाचं भय नाही,
जाड, आळशी, पुरुषभर उंचीवरच घिरट्या घालतात.
मामदनं मान वर केली नाही.
फक्त त्याचा डावा हात गुडघ्यावरून जरा उचलला गेला,
बोटं फाकलेली,
आणि राहिला तिथेच.

मी काटा शून्यावर आणला.