हरकत नाही

सकाळी साडेसातलाच सूरच्या खाडीचं पाणी पांढरं पडलेलं.
ओहोटीत एक जुनं गलबत कुशीवर निजलेलं,
त्याच्यावरनं एक बकरी चालत जाते, रोजच्यासारखी.
आज तिच्याकडे बघायला वेळ नाही.
बॅग काल रात्री मासेवाल्याच्या काट्यावर तोलली,
साडेएकतीस किलो. बोग्ना म्हणाली, शब्दकोश काढ.
मी चपला काढल्या.

वर्गात एसीची घरघर. टेबलावर खजुराची पिशवी.
जुवैनाबाई पेपर वाटतात उलट्या बाजूनं,
म्हणजे त्यांच्या सुलट्या.
शेवटचा पेपर. उतारा पानभर.
अक्षरांवर एकही हरकत नाही.

हरकत म्हणजे इथं अक्षराच्या डोक्यावरची, पायाखालची खूण,
जी सांगते अ म्हण, इ म्हण, उ म्हण.
जानेवारीत प्रत्येक अक्षराला होती,
तान्ह्याच्या टोपडयाला बंद असावेत तशी.
मार्चपासून बाईंनी एकेक काढून घेतली.
आता नुसती हाडं. स्वर आपले आपण आणायचे.

वडील उदगीरला तहसिलीसमोर टेबल टाकून बसतात.
बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितात.
सदर इसम हयात आहे. मयताचे वारस हजर.
रुपये पाचशे फक्त.
अर्जदाराची हरकत नाही.
खाली अंगठा दुसऱ्याचा, वडिलांचं नाव कुठंच नाही.
ही भाषा मला आवारातल्या धुळीची वाटायची,
शिक्क्याची, खोकल्याची.
इथं पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्यानं
एक बोट वर करून म्हटलं, फक्त,
आणि मी हातात दुधी घेऊन तशीच उभी,
परगावच्या स्टँडवर शेजारचे काका दिसावेत तशी.

सगळेच शब्द असे भेटले नाहीत.
काही इथून निघाले एक, पोचले भलतेच.
बाई म्हणायच्या, तक्रार, तक्रार,
आणि मी म्हणायचे, नाही हो, माझी काहीच नाही.
त्यांना म्हणायचं असायचं, पुन्हा. पुन्हा म्हण.
आणि गरीब. इथं गरीब म्हणजे परका,
लांबून आलेला. खिशाचा काही संबंध नाही.
हे फोनवर सांगितलं तेव्हा वडील बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले,
आपल्याकडे दोघं एकाच रांगेत उभे असतात.

उताऱ्यात एक नाखवा आहे. दूरच्या बंदरात अडकलेला.
अधिकाऱ्याच्या दारात जातो, आणि मग
तीन अक्षरं, क, त, ब, आणि पुढे अर्ज.
कतबा म्हटलं तर त्यानं अर्ज लिहिला.
कुतिबा म्हटलं तर अर्ज लिहिला गेला.
खुणा लावा आणि अर्थ सांगा, गुण चार.

मिनिटं दहा.
नाखव्याला लिहिता येत होतं का, उताऱ्यात दिलेलं नाही.
दारात कुणी टेबल टाकून बसलं होतं का, तेही नाही.
मी पहिल्या अक्षरावर एक छोटा वळसा काढला,
उ.
लिहिला गेला.
कोणी लिहिला ते विचारलेलं नव्हतं, तरी
समासात मराठीत एक नाव लिहिलं, आणि खोडलं.

मी डावखुरी. शाळेत हाताची कड कायम निळी.
उजवीकडून डावीकडं लिहिताना
हात शब्दांच्या पुढे चालतो, पुसत नाही काही.
पेपर दिला तेव्हा तळवा कोरा होता.
बाईंनी एक खजूर ठेवला त्यावर,
काही बोलल्या नाहीत, किंवा बोलल्या,
एसीत ऐकू आलं नाही.

वडिलांना म्हटलं, एक उत्तर बहुतेक चुकलं.
ते म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे.

खाली उतरले तर खाडीत पाणी चढत होतं.
गलबत एका बाजूनं थोडं उचललं गेलेलं.
कोणी उचललं, लिहिलेलं नाही.