दोरीने बांधलेलं पेन

मार्चमध्ये विल्यांदीचं तळं अजून गोठलेलंच असतं
आणि लोक बियाणं बघायला येतात.
घेत नाहीत. पाकीट कानाशी धरून हलवतात,
जागेवर ठेवून देतात.
त्यांच्यासाठी काउंटरवर वही ठेवली मी,
शेजारी पेन, दोरीने बांधलेलं,
कारण आधीची तीन पेनं गेली होती
आणि पत्ते आले होते दोन.

वहीच्या माथ्यावर लिहिलं:
दर गुरुवारी एक पत्र, ईमेलने.
काय पेरायचं, काय अजून नाही.
नकोसं झालं तर तळाशी एक ओळ असेल, तिच्यावर बोट ठेवा,
मी कारण विचारणार नाही.

(हे शेवटचं खोटं निघालं.
पहिली बाई यादीतून गेली त्या रात्री
टोमॅटोवरचं माझंच पत्र
मी चार वेळा वाचलं.)

आमच्या नावांवर ठिपके असतात, लाटा असतात.
ईमेलच्या पत्त्यात ते चालत नाहीत.
दाराशी बूट काढावेत
तसे ठिपके बाहेर ठेवून नावं आत येतात.
पण म्हातारी माणसं वहीत सवयीने ठिपके देतात,
मीही ते तसेच उतरवून घेते,
आणि रात्री पत्र परत येतं:
या नावाचं इथे कोणी नाही.
आहे की. कालच गाजराचं बी घेऊन गेला.

जावई म्हणाला, यादी विकत मिळते,
पाच हजार पत्ते, साठ युरो.
साठ युरोत मला बारा किलो वाटाणा येतो,
आणि वाटाण्याला निदान कळतं
आपल्याला कुठे टाकलंय ते.
पाच हजार दारं, मी म्हटलं,
आणि एकाचीही कडी मी वाजवलेली नाही.
ही दारं नाहीत, उर्वे, तो म्हणाला.
मग काय आहेत,
ते तार्मोला सांगता आलं नाही.
त्याने सूप संपवलं.

वर्षाअखेर एकशे ब्याऐंशी.
त्यातले उघडून बघतात नव्वदेक.
पाकिटावर मी पंच्याऐंशी टक्के उगवण छापते,
इथे निम्मी.
जुनं शेपूचं बीही निम्मंच उगवतं, म्हणून काय
शेपूवाचून बटाटा ताटात आलाय कधी आमच्याकडे?

एक पत्ता होता नुसता ‘रोझ’ आणि सत्त्याहत्तर.
शेवटचा सात मी एक वाचला.
सात आठवडे पत्रं जात राहिली
नार्व्हाला, नदीकाठच्या एका आठव्या मजल्यावर.
मग उत्तर आलं, शब्द मोजून मोजून लिहिलेलं:
माझ्याकडे माती नाही. बाल्कनीत सायकल आहे.
मी रशियन बोलते, तुमची भाषा शिकते आहे,
आणि तुमची वाक्यं लहान असतात.
बीट विरळ करायचे म्हणजे नेमकं काय, ते कळवा.
चूक दुरुस्त करू नका.
खाली सही: रुफिना.

तेव्हापासून वाक्यं आणखी लहान केली आहेत.
खऱ्या सत्त्याहत्तरलाही पत्र जातं आता,
ती उघडत नाही.

आणि हेल्दुर.
त्याच्याकडे ईमेल नाही, कॉम्प्युटर नाही,
फोन आहे तो मुलीने दिलेला, ड्रॉवरमध्ये.
तरी त्याने दोरी ताणून पेन ओढलं,
नाव लिहिलं, सगळ्या ठिपक्यांसकट,
आणि पत्त्याच्या रकान्यात:
गुरुवारी, अकराच्या बसने.

येतो. टोपी गुडघ्यावर ठेवून
बटाट्याच्या पोत्याशेजारी बसतो,
मी मोठ्याने वाचते.
एखाद्या वाक्याला तो भुवई उचलतो,
ते मी काढून टाकते.
परवा ‘भरघोस’ गेला. त्याआधी ‘खास तुमच्यासाठी’.
तो मान हलवतो तेव्हाच मी बटण दाबते
आणि पत्र एकशे ब्याऐंशी ठिकाणी जातं.
हेल्दुर उठतो, टोपी घालतो,
काही विकत घेत नाही.
त्याची परतीची बस बाराची.