अर्धं तिकीट

संक्रांतीच्या अलीकडचा रविवार.
दिवे घाट चढताना गाडीत नेहमीचीच भांडणं:
काच कुणी उघडली, उलटीची पिशवी कुठेय,
हडपसरला घेतलेल्या केळ्यांवर कोण बसलं.
मागच्या सीटवर मधे जागा होती.
तिथे आम्ही स्वेटर ठेवले.

सासवड ओलांडून, जेजुरीच्या बरंच अलीकडे
डावीकडे तोच बोर्ड:
हुरडा, बैलगाडी, झोपाळे, पार्किंग मोफत.
फाटकाशी गुंफाबाई. टेबलावर वही, वहीवर दगड.
शेजारी रोवलेला बांबू, बांबूवर लाल पट्टा.
पट्ट्याच्या खाली अर्धं, वर पूर्ण.

मनवा बांबूला पाठ लावते
आणि फ्रॉकच्या आत हळूच गुडघे वाकवते.
हे तिला आप्पांनी शिकवलेलं.
खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
केसाएवढ्या फरकाने माल परत पाठवणारा माणूस
गेल्या जानेवारीत इथे डोळा मिचकावून म्हणाला होता,
"थोडी बस गं. साडेचारशे वाचतात."

"दोन पूर्ण, एक अर्धं,"
गुंफाबाई लिहिते. मग पेन थांबतं.
"बाबा कुठं हायेत? ते, ज्वारीला मका म्हणनारे?"

श्रीरंगने मोजलेल्या नोटा पुन्हा मोजायला घेतल्या.
"थंडी बाधते त्यांना," तो म्हणाला.
मी त्याच्याकडे पाहिलं नाही.
मनवाने पाहिलं.

आप्पांना शेतीतलं काही म्हणजे काही कळायचं नाही.
पण आगटीशी पहिली मांडी त्यांची.
किती गोवऱ्या, ओल्या की सुक्या,
कणीस राखेत नक्की किती वेळ,
मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी धरून:
"पावणेचार मिनिटं. काढ रे, काढ!"
चोळणारा पोरगा हसायचा, आणि काढायचाही.
या वर्षी कुणी वेळ लावली नाही.
पहिली दोन कणसं करपली.
आम्ही ती तशीच खाल्ली,
लसणाच्या चटणीत बुडवून, शेव लावून,
छान आहे, छान आहे, म्हणत.

शेजारच्या सतरंजीवर मोठा गोतावळा,
त्यांचा स्पीकर, त्यांचा गलका,
कुणाच्या तरी नव्या सुनेला बैलगाडीत चढवणं चाललेलं.
मनवा गाडीत बसली नाही.
चिंचेखाली एकटीच बोरं खात बसली,
बिया एका ओळीत मांडत.

ऊन कलल्यावर निघालो.
गुंफाबाई फाटकाशी कागदाची पुडी घेऊन उभी.
"बाबांना द्या. गूळभेंडी हाय, येकदम कवळा.
दात नसले तरी चालतंय."
श्रीरंगचा हात पुढे झाला नाही.
मी घेतली. गरम होती.

तेवढ्यात मनवा बांबूशी गेली.
टाचा जमिनीला, मान ताठ.
लाल पट्टा तिच्या कानामागे लपला.
"मी सकाळी खोटं उभी राहिले."
"म्हाईत हाय मला," गुंफाबाई म्हणाली,
"गुडघं दिसत व्हते की तुजं."

आणि ती हसत असतानाच
श्रीरंग म्हणाला, "बाबा दसऱ्याच्या आधी गेले."
एवढंच.
साडेचारशे रुपये त्याने दगडाखाली सरकवले,
ते कशाचे हे कुणी बोललं नाही.
तिने पुडी परत मागितली नाही.
पदराच्या टोकाने तिच्यावरची राख झटकली,
आणि माझ्या हातात पुन्हा नीट दाबून दिली.

घाट उतरताना खाली मस्तानी तलाव काळा,
त्याच्या पलीकडे हडपसरचे दिवे लागत होते.
मनवाने स्वेटर मांडीवर ओढून
मधल्या सीटवर पुडी उघडली.
वाटे करत होती. दाणे मोजून.
तीन पूर्ण.
थांबली, बाहेर बघितलं,
आणि मग एक अर्धा.