बत्तीस घरांचं संस्थान

कायतान फुर्तादो म्हणायचा,
अमेरिकेत एक ड्यूक आहे, एक काउंट आहे,
आणि एक चष्मेवाला, क्लॅरिनेटचा राजा.
माझे दादा, रंगराव पायगुडे,
होळकर स्टेट बँड, क्लॅरिनेट दुसरी,
पगार एकोणतीस रुपये, पितळी बिल्ला वेगळा,
सरदार-जहागीरदारांना मुजरे घालून
कंबर कायमची वाकलेला माणूस.
त्यांनी सरळच विचारलं:
यांची संस्थानं कुठं?

कायतानने तबकडीवर सुई ठेवली.
बत्तीस घरं, म्हणाला. घरटी चार माणसं.
पहिली आठ घरं जे बोलतात
तेच पुढची आठ बोलतात,
मग पूल, पुलापलीकडे आठ घरं परक्यांची,
आणि मग परत आपल्याच दारात.
बास. एवढंच राज्य.
तीन मिनिटांत फिरून होतं.

हे त्रेचाळीस सालचं.
शनिवारी राजवाड्यापुढं सलामी वाजवायची
आणि संध्याकाळच्या छोट्या गाडीने महू.
राऊला गाडी थांबली की दादा खाकी उतरवायचे,
कायतानचा काळा कोट चढवायचे,
बाह्या दोन बोटं लांब.
रेल्वे इन्स्टिट्यूटच्या लाकडी जमिनीवर
शंखजिऱ्याची भुकटी पसरलेली,
तिच्यावर घसरत नाचणारे सोल्जर,
सोमवारी ब्रह्मदेशाच्या वाटेला लागणारे.

पहिल्या रात्री कायतान कानात ओरडला:
पायगुडे, ही सलामी न्हय!
लंगडून वाजव.
एक सूर लांब, एक आखूड,
लंगड्या माणसाच्या चालीसारखं.
पण लंगडा असा,
की आजच त्याची उधारी फिटलीय.

दादांनी ते चोपडीत उतरवलं.
सा, ग, प, खाली अर्धचंद्र,
आणि जिथं विलंबित, द्रुत असं काही लिहायचं
तिथं शिसपेन्सिलीने: उधारी फिटली.
चोपडी माझ्याकडे आहे.
मला सा कुठला, ग कुठला, कळत नाही,
तेवढे दोन शब्द वाचता येतात.

अठ्ठेचाळीसला संस्थानं गेली.
बिल्ले मोजून जमा झाले, पोच मिळाली.
सरदारांच्या गाड्या विकल्या, मग घोडे,
मग हंड्या-झुंबरं, सियागंजात, वजनावर.
कायतान मडगावला गेला, कुणी म्हणतं कराचीला;
कोट आणि ती एक तबकडी
आमच्या खुंटीला राहिली.

दादा लग्नाच्या बँडात शिरले, जेलरोडवर.
तिथंही क्लॅरिनेट दुसरीच.
वरात वळणावर आली, पुढच्या ट्रंपेटवाल्याने श्वास घेतला,
की तेवढ्या फटीत एक ओळ लंगडून घ्यायचे.
वऱ्हाडाला कधी कळलं नाही.
घोडीला कळायचं.
तिचे कान फिरायचे, आणि नवरदेव घाबरून
फेटा धरायचा.

रविवारी तबकडी.
आई म्हणायची, हे काय लावून राहिले तुम्ही,
मांडणीवरून भांडी पडून राहिल्यासारखं.
तबकडीला एक चीर.
अठ्ठाविसाव्या घरापर्यंत सुई धावायची,
एकोणतिसाव्याच्या उंबऱ्यावर
तेच ते, तेच ते, तेच ते.
दादा बोटाने सुई उचलायचे
आणि उरलेली चार घरं
शीळ घालून पुरी करायचे,
पुढचे दोन दात पडल्यावरसुद्धा, नुसत्या हवेने.

दादा गेले त्याला अकरा वर्षं.
परवा माळा आवरताना तबकडी सापडली.
लावली. पूल ओलांडला,
परत दारात आलो,
तेच ते, तेच ते.
मी सुई उचलली आणि तसाच उभा राहिलो.
मला शीळ येत नाही.

खालून, शेवेच्या दुकानातून,
कढईपुढे बसलेल्या बन्सीलालने
झारा निथळता निथळता
पुढची चार घरं घेतली.
तीस वर्षं रविवारी दुकान उघडं ठेवणारा माणूस.
कुणाचं, काय, विचारलं असतं तर
सांगता आलं नसतं त्याला.

एकतिसाव्या घरात चुकला.
दादा असते तर जिन्यावरून शिवी हासडली असती.
मी खाली गेलो,
पाव किलो लवंगी शेव घेतली,
आणि मागची उधारी
देऊन टाकली.