इतिवृत्तात नसलेलं

सभा सव्वासहाला सुरू, शाळेच्या व्यायामशाळेत.
हजर एकसष्ट. खुर्च्या चाळीस.
एमोकेने भिंतीवर नकाशा चिकटवला.
ठळक सरळ रेघ, ती आजची तिसा.
तिच्या आजूबाजूला फिकट निळी,
उसवलेल्या दोऱ्यासारखी पडलेली,
ती दीडशे वर्षांपूर्वीची.

बालिंत उठला. म्हणाला,
माझ्या खापरपणजोबांनी ढकलगाडीने माती ओढून
हा बांध घातला, पाव आणि डुकराच्या चरबीवर.
त्यांनी नदीला सरळ केलं,
आणि ही कालची पोर तिला वळण लावायला निघाली!
लोक हसले. एमोकेही हसली.
मी लिहिलं : चर्चा झाली.

बांधाला तीन खिंडारं. मुद्दाम, मोजून.
वर डोंगरात बर्फ वितळलं की पाणी आत,
जून सरता सरता बाहेर.
मक्याची एकशे दहा हेक्टर जाणार.
भरपाई कुठल्या सालच्या भावाने, यावर पाऊण तास.

रोझालिया म्हणाली, झुडपं उपटून तिथे म्हशी चारणार म्हणे.
झुडपं परदेशी असतील,
माझ्या मधमाश्यांना जांभळं फूल तेवढं कळतं.
झोंबोरला कार्प हवेत, कार्पला उथळ, ऊबदार पाणी.
खालच्या शहराचा माणूस एकदाच बोलला.
त्याचा कोट चांगला होता.
सगळ्यात जास्त त्यालाच हवं होतं
आमच्या शेतात पाणी.

वर्षानुवर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारी माणसं
शेवटी पाण्याबद्दल बोलत होती.
हे मी लिहिलं नाही.

हेही नाही, की निळी रेघ
माझ्या आईच्या शेतातून जाते.
त्या भागाला आम्ही 'होडी' म्हणतो.
का, ते कुणी विचारलं नाही कधी.
तिथला मका दरवर्षी पिवळा पडतो
एका वाकड्या पट्ट्यात,
आणि आई म्हणते, ओल आहे तिथे,
जशी एखादी म्हणते, घरात कुणीतरी आहे.

मतदान पुढच्या सभेत.
खुर्च्या रचल्या, दिवे अर्धे मालवले.
बालिंत तेवढा नकाशापुढे थांबला होता,
टोपी बगलेत,
बोटाने निळा वळसा धरून हळूहळू सरकत,
एकदा चुकला, मागे आला,
आपल्या कोठाराशी थांबला.

"इथे," त्याने विचारलं, "किती खोल होती?"
एमोके म्हणाली, माहीत नाही.

मी वही तेव्हा मिटलेली होती.