मूळ देश

हिद्दच्या बंदरात माझं काम एका रकान्याचं.
कांदा नाशिकचा, फरशी मोरबीची,
खोक्यावर 'मूळ देश' लिहिल्याशिवाय
बहरीनमध्ये सुईसुद्धा उतरत नाही.
म्हणून मंडळाने हे काम माझ्याच गळ्यात घातलं:
'संगीत शुक्तिका', तीन अंक, एकोणतीस पदं,
दिवाळीच्या आठवड्यात प्रयोग, मनामाच्या शाळेत.
परवानगी तेवढी तू बघ.

आधी बेफिकीर होतो सगळे.
इतकं जुनं नाटक, विचारतंय कोण?
तालमीची चित्रफीत टाकली
आणि रातोरात ती मुकी झाली.
मुश्ताक परकारांची बोटं पेटीवर पळताहेत,
आमची शुक्तिका तोंड उघडून उभी,
गळ्याच्या शिरा ताणलेल्या,
समेवर हात पडतोय,
आणि आवाज नाही.
खाली एक ओळ : हे गाणं कंपनीचं आहे.
मी कळवलं, तबकडी तुमची असेल, गळा आमचा आहे.
उत्तर यंत्राने दिलं. यंत्रासारखंच दिलं.

मग शोध. नाटककार गेले
त्याला कायद्याची साठ वर्षं भरायला
नऊ महिने कमी.
खजिनदार म्हणाले, थांबू की. जानेवारीत फुकट.
म्हणजे मेलेला माणूस
अजून थोडा मरायची वाट बघू, असंच ना?
मी म्हटलं. मग कुणी काही बोललं नाही,
चहा आला.

वारस मिरजेत सापडल्या. कुमुदिनी आठल्ये,
नाटककारांच्या धाकट्या मुलीची मुलगी,
पोटापाण्याला झेरॉक्सचं दुकान.
फोनमध्ये मागे मशीनची घरघर.
"पैसे हजार पाठवा, नाही पाठवलेत तरी चालेल.
पण होडीच्या पदाचं तिसरं कडवं गा.
सगळे गाळतात.
आई तापाने फणफणली होती, तिच्या उशाशी बसून
आजोबांनी ते लिहिलं.
तापाचं कुणाला सांगू नका. कडवं तेवढं गा."
आठ दिवसांनी पत्र आलं, सहीशिक्क्याचं.
पाहिलं तर झेरॉक्स.
मूळ प्रत त्यांनी ठेवून घेतली होती.

शब्दांचं झालं. अर्जात खाली आणखी एक रकाना :
चाल कुणाची?
पिवळी संहिता उघडली. पान हातातच तुटलं.
होडीच्या पदावर, कंसात, बारीक टायपात
नाटककारांनी स्वतःच कबूल केलेलं :
(चाल — अरब खलाशांची)

त्या रात्री तालमीत तिसरं कडवं पहिल्यांदा बसत होतं.
दाराशी हॉलचा राखणदार, बू खलफ,
मांडीवर किल्ल्यांचा जुडगा.
कडव्याच्या मध्यावर त्याने टाळी दिली.
आमच्या समेच्या जरा आधी,
चुकलेली वाटावी अशी, पण दर वेळी तिथंच.
परकारांनी पेटी थांबवली. तो थांबला नाही.
शब्द वेगळे, सूर तोच,
खालच्या पट्टीत, पाण्याच्या तळाशी गेल्यासारखा.

मला आनंदाने राहवेना. "बू खलफ, हे तुमचं ना?
मोत्यांच्या होड्यांवरचं?"
त्याने मान हलवली. नाही.
"आजोबा मोती विकायला मुंबईला जायचे.
तांदूळ आणायचे, चहा, सागाच्या फळ्या,
एका फेरीत हे आणलं.
आमच्या घरात याला 'हिंदी'च म्हणतात.
तुमचंच आहे. आम्ही फक्त सांभाळलं."

बावीस वर्षांत पहिल्यांदा
मी तो रकाना कोरा ठेवला.
अर्ज परत आला, लाल शाईत : अपूर्ण.

मग दोन्ही देश लिहिले, शेजारी शेजारी,
मधे एक आडवी रेघ.
पेन जरा सरकलं, रेघ सरळ आली नाही,
मधेच वर गेली, मधेच खाली.
खाडाखोड केली नाही.
शिक्का बसला त्याच्यावर.